चाळीस किलोच्या आत

ज्या घरात धान्य मोजायचा काटा असतो, त्या घरातल्या पोरांना आपलं वजन पाठ असतं. आमची वडनेरात पिठाची गिरणी होती, हायवेपासून आत दुसऱ्या गल्लीत, आणि राहतं घर गिरणीच्या पाठीला चिकटलेलं. सकाळी बाबांनी पट्टा चढवला की घरातली भांडी फळीवर थरथरायला लागत आणि ती थरथर दिवे लागेपर्यंत चालू राही. पापण्यांवर पीठ, केसांत पीठ, दुधाच्या पातेल्यावर दोन झाकणं तरी सायीवर पीठ. आम्ही सगळे जोरात बोलायचो. भांडत नसायचो, पण बाहेरच्याला वाटावं की या घरात रोज भांडण आहे. आजही मी फोनवर बोलायला लागले की सून बाहेर येऊन बघते. जेवायला बसल्यावरही गिरणी चालूच, कारण संध्याकाळीच गिऱ्हाइकांची गर्दी. आई चुलीपाशी, पाठ आमच्याकडे. ज्याला भाकर पाहिजे त्यानं ओरडायचं, "आई, भाकर!" आणि आई मागे न बघता तव्यावरची भाकर आवाजाच्या दिशेनं सरकवायची. जो ओरडेल त्याला मिळेल असा साधा कारभार होता, आणि त्यात काही चुकीचं आहे असं आमच्यापैकी कोणाला कधी वाटलं नाही.

या घरात रंजू आली. माझ्या मावशीची मुलगी, माझ्याहून एका वर्षानं लहान. मोताळ्याकडच्या तिच्या खेड्यात सातवीपर्यंतच शाळा होती, म्हणून आठवीला आमच्याकडे ठेवली. मावशी तिला सोडायला आली तेव्हा एका हातात तिची पेटी आणि दुसऱ्या हातात तुरीच्या डाळीचं गाठोडं होतं, आणि जाताना डोळ्यांना पदर लावत "नीट राह्यजो" एवढंच म्हणाली. रंजूचा आवाज बारीक. गिरणीच्या घरघरीत तो कोणालाच ऐकू यायचा नाही, म्हणून काही सांगायचं असलं की ती आईच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. मी जन्मभर ओरडून मागितलं आणि ही कानात बोलते, तर आईला ती गोडच वाटणार. महिन्याभरात आईच्या तोंडी एकच. "रंजी पाह्य कशी गुमान अभ्यास करते." "रंजी पाह्य, दोन भाकरींत उठते. नाईतर आमची मंदा! राक्षसावाणी खाते अन कामाले नाव नको." मंदा म्हणजे मी. मला चार भाकरी लागायच्या, ठेचा आणि कच्च्या तेलाबरोबर पाचवीही जायची, आणि त्याची मला तोवर कधी लाज वाटली नव्हती.

मराठीत हेवा हा फार सभ्य शब्द आहे. आमच्याकडे सरळ जळणं म्हणतात. मी जळत होते. तिची वेणी जाड होती यावर जळले, बाबांनी तिला नवी वही आणली यावर जळले, तापात आईनं तिच्या कपाळावर पट्ट्या ठेवल्या तेव्हा तर मला ताप येत नाही याचंच वाईट वाटलं. या जळण्यात रंजूचा काही दोष नव्हता. ती मला ताई म्हणायची, माझे कपडे घडी घालून ठेवायची, शाळेत कोणी माझ्याबद्दल वाईट बोललं तर माझ्या बाजूनं उभी राहायची. ती थोडी वाईट असती तर माझं काम सोपं झालं असतं.

आणि ज्युदोत तिला मीच ओढत नेलं, हे मला आधी कबूल केलं पाहिजे. इस्माईल सर म्हणजे गादीवाल्या पिंजाऱ्याचा मुलगा. बाहेर कुठल्या तरी खेळाच्या कॉलेजात शिकून आला, नोकरी मिळेना, तेव्हा कापसाच्या एका रिकाम्या गोदामात त्यानं ज्युदोचा क्लास काढला. खाली अंथरायच्या गाद्या त्याच्या बापानंच भरून दिल्या होत्या. रद्दी कापूस ठासून ठासून भरलेल्या, वरून जाड ताडपत्री ओढलेली. त्या गाद्यांवर पोरं धडाधड एकमेकांना आपटतात अशी गावभर बातमी झाली आणि मला ते शिकायचंच होतं. का, ते आज नीट सांगता येणार नाही. बहुतेक रंजूला येत नाही असं एक तरी काही आपल्याला यावं, एवढंच असावं. मी जाऊन उभी राहिले तर सर म्हणाले, "अकेली लडकी नाही चलेगी. पोरांसंग तुले कसं झोंबू देऊ? जोडी आण. तुझ्याच वजनाची आण." माझ्या वजनाची वर्गात दुसरी कोणी यायला तयार नव्हती. घरी काट्यावर रंजूला उभी केली तर ती माझ्याहून फक्त अर्धा किलो कमी. तिला यायचं नव्हतं. मी तिच्या हातापाया पडले, बाबांना पटवलं, तिला हाताला धरून गोदामात नेलं. स्वतःच्या पायावर असा धोंडा मी पुढं आयुष्यात कधी मारून घेतला नाही, आणि मारून घ्यायच्या बाबतीत माझा हात काही आखडता नव्हता.

पहिले दोन महिने सरांनी फक्त पडायला शिकवलं. "पडाले शिका पहिले. पाडाचं मंग पाहू." मागं पडायचं, हनुवटी छातीला लावायची, डोकं टेकू द्यायचं नाही आणि पडताना हातानं गादीवर सपकन थाप मारायची. हात जितका जोरात आपटेल तितका अंगाला मार कमी. मला ते कळायचं पण अंगात यायचं नाही. पडायची वेळ आली की मी आखडायची, कोपर आधी टेकायचं आणि संध्याकाळी आई हळद लावत बडबडायची. रंजू मात्र पहिल्याच आठवड्यात अशी पडायला लागली की जणू जन्मभर तेच करत आली आहे. तिची थाप गिरणीचा पट्टा निसटल्यासारखी वाजायची. पोरं आपलं सोडून बघत राहायची. सर म्हणायचे, "मंदा, तिच्याकडे पाह्य जराक. पडाले भेव नाई तिले." मला त्या गोदामातही तेच ऐकायला लागलं, मंदा, तिच्याकडे पाह्य. घरचं एक आणि दारचं एक, दोन्हीकडे तिच्याकडेच बघायचं होतं तर मी गोदामात आले कशाला होते?

तरी मी सोडलं नाही. दीड वर्ष आम्ही दोघी एकमेकींना जाकिटाच्या कॉलरला धरून त्या गादीवर ओढत होतो. जाकिटं सरांच्या आईनं शिवलेली, गाद्यांच्या खोळीच्याच जाड कापडाची. मान घासून लाल व्हायची. मला दोन डाव चांगले यायला लागले. कमरेवर घेऊन टाकायचा डाव तर मला फार आवडायचा. मी घरी गिरणीतल्या पोत्यांवर तो घोकायची, बाबा ओरडेपर्यंत. रंजू घरी कधी सराव करायची नाही, भांडी घासायची, दळणाचे डबे मांडायची आणि दुसऱ्या दिवशी गादीवर येऊन मला उचलून टाकायची. टाकल्यावर हात पुढं करून म्हणायची, "लागलं का व ताई?" ते मला सगळ्यात जास्त लागायचं.

मग जिल्ह्याच्या स्पर्धा आल्या, बुलडाण्याला. मुलींचा चाळीस किलोखालचा एक गट, त्यावर चव्वेचाळीसचा, आणि एका क्लासमधून एका गटात एकच मुलगी. आम्ही दोघीही चाळीसच्या आतल्या. तिथं जी जिंकेल ती पुढं राज्याच्या स्पर्धेला जाणार होती, रेल्वेनं, सरकारी खर्चानं, दोन रात्री मुक्काम. मी तोवर खामगावच्या पुढं गेले नव्हते. सरांनी गोदामात आमची कुस्ती लावली, तीन वेळा. तिन्ही वेळा मी पाठीवर. "रंजना जाईन," सर म्हणाले. "मंदा राखीव. तूही सोबत चाल. हिचं वजन चाळीसच्या वर गेलं तं गट सुटते हातचा, मंग तू. आठ दिवस दोघीही जराक सांभाळून खाजा." ते सहज बोलून गेले. मी मात्र घरी येईपर्यंत रस्ताभर त्या एका वाक्याला धरून चालत होते.

त्या संध्याकाळी मी आईला म्हणाले, "आई, तू भाजत जाय, मी वाढते." आई चुलीपाशी इतकी चकित झाली की तव्यावरची भाकर करपली. शेतातून नवी ज्वारी आली होती, गिरणीत तिचाच वास होता. हिवाळ्याचे दिवस, वांग्यांचा हंगाम, आई रोज चुलीत वांगी भाजून भरीत करायची, वरून शेंगदाण्याचं तेल आणि हिरव्या पातीचा कांदा. मी रंजूच्या ताटात दोन भाकरी वाढल्या. तिसरी नेली तर तिनं ताटावर हात आडवा धरला. "पुरे व ताई." मी तिचा हात बाजूला केला. "घे ना व. शरम काहाची? स्पर्धा हाये तुह्यी, ताकद लागन." तिनं माझ्याकडे पाहिलं, मग आईच्या पाठीकडे पाहिलं आणि हात काढून घेतला. चौथ्या भाकरीला मला फार आग्रह करावा लागला नाही.

आपल्याकडे आग्रह करून वाढणं म्हणजे पुण्याचं काम. लग्नात पंगतीला कोणी माणूस जिलबीचं ताट घेऊन पाहुण्यांच्या हातापाया पडतो तेव्हा सगळे म्हणतात, काय मनाचा मोठा माणूस. मी ते आठ दिवस तेच केलं आणि घरातल्या सगळ्यांनी मला मोठ्या मनाचं ठरवलं. संक्रांतीसाठी आईनं तिळाचे लाडू करून डब्यात लपवले होते, ते मी रोज दोन काढून रंजूच्या दप्तरात टाकत होते. शेतात रोडग्यांचं जेवण झालं तेव्हा निखाऱ्यात भाजलेला कणकेचा सगळ्यात जाड रोडगा फोडून, त्याच्यात तूप ओतून, वांग्याच्या भाजीसोबत मी तिच्यापुढं ठेवला आणि संपेपर्यंत समोर बसून राहिले. दूध पी, केळ घे, गूळ-शेंगदाणे घे. बाबा आईला म्हणाले, "मंदी सुधरली व." मी स्वतः मात्र दोन भाकरींत उठत होते, आपलं वजन चाळीसच्या आत ठेवायचं म्हणून. दोन भाकरींवर उठलं की शाळेतून येईतो पोटात कावळे कोकलायचे. डोकं दुखायचं, अभ्यासात अक्षरं हलायची. मला वाटायचं, चला, एवढं सोसायलाच पाहिजे, आठच दिवस तर आहेत.

आता काट्याचं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, रंजूलाही नाही. हे छापून आलं तर तीही वाचेल, आणि मग जे व्हायचं ते होईल. आमचा काटा पोती मोजायचा. त्याच्या फळीवर उभं राहिलं की दांडी आणि आकडे पाठीमागे येत, म्हणून उभं राहणाऱ्याला दुसऱ्या कोणीतरी वाचून सांगावं लागे. रंजू रोज गिरणीत येऊन फळीवर उभी राहायची आणि मी मागून वजन सरकवून आकडा सांगायची. पहिल्या दिवशी ती साडेअडतीस होती. पाचव्या दिवशी एकोणचाळीस भरले. मी म्हणाले, "साडेअडतीस." सातव्या दिवशी दांडी साडेचाळीसवर सरळ झाली. मी तिच्या पाठीकडे बघत होते, फ्रॉकच्या मागचं एक बटण तुटलेलं होतं. "साडेएकोणचाळीस," मी म्हणाले. "लय वाव हाये अजून." ती फळीवरून उतरली आणि म्हणाली, "बरं झालं व ताई, मले वाटलं वाढलं असन." रात्री झोपताना मला वाईट वाटलं असं लिहिलं तर शोभेल, पण तसं झालं नाही. मला छान झोप लागली.

मलकापूरहून बुलडाण्याची पहिली एसटी पकडून आम्ही गेलो, सर, चार पोरं आणि आम्ही दोघी. राजूरच्या घाटात बस चढायला लागली की आम्हा घाटाखालच्या लोकांना नेहमी वाटतं, आता आपण कुठंतरी मोठ्या ठिकाणी चाललो. वर थंडी होती. शाळेच्या हॉलमध्ये वजनकाटा मांडलेला, दवाखान्यात असतो तसा. रंजू त्याच्यावर चढली आणि वजन करणाऱ्या बाईंनी आकडा सांगितला. चाळीस किलो आठशे. सरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. पुन्हा चढवली. पुन्हा तोच आकडा. "आठ दिवसांत दोन किलो?" सर म्हणाले. "काय खाऊन राह्यली व तू?" रंजूचा चेहरा उतरला; घरचा पोत्यांचा काटाच चुकला असेल असं तिला वाटलं असावं. तरी ती खरंच बोलली, "ताईनं खाऊ घातलं सर. ताकद यावी म्हणून." सरांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच पाहिलं, फार वेळ नाही. मग पेन उघडून त्यांनी कागदावर तिचं नाव चव्वेचाळीसच्या रकान्यात लिहिलं, कारण त्या गटात आमच्या क्लासची मुलगीच नव्हती, आणि चाळीसच्या रकान्यात माझं. माझ्याशी ते दिवसभर बोलले नाहीत. माझा बेत असा होता की ती बाकावर बसेल आणि मी खेळेन. वरचा गट माझ्या डोक्यातच आला नव्हता.

चाळीसच्या गटात माझं नाव पुकारलं. मी जाकीट आवळून गादीवर गेले, वाकून नमस्कार केला आणि समोर बघत उभी राहिले. समोर कोणी नव्हतं. पंचांनी दुसरं नाव पुकारलं, पुन्हा पुकारलं, तिसऱ्यांदा पुकारलं. चिखली बाजूच्या एका मुलीचं नाव होतं ते, आणि ती आलीच नव्हती. त्या गटात तिसरी कोणी नव्हती. पंचांनी माझा हात धरून वर केला. मी जिंकले होते. मी कोणाला धरलं नाही, कोणी मला धरलं नाही, जाकिटाची घडीसुद्धा मोडली नाही आणि मी बुलडाणा जिल्ह्यात पहिली आले. कडेला बसलेल्या दोनचार पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यातला एक हसला.

रंजूच्या गटात चौघी होत्या. बाकी तिघी तिच्याहून जाड आणि उंच. पहिल्या मुलीला तिनं अर्ध्या मिनिटात टाकलं, ती कशी पडली ते त्या मुलीलाही कळलं नाही. अंतिम कुस्ती घाटावरच्या एका मुलीशी. ती मुलगी खांद्यात बाप्यासारखी रुंद होती. रंजू तिला धरून झुलत होती, निसटत होती, दोनदा पडली आणि दोन्ही वेळा पोटावर वळून सुटली. हॉलमधली सगळी पोरं उठून उभी राहिली. ओळख ना पाळख, लोक "वडनेर, वडनेर" ओरडायला लागले. तिसऱ्यांदा त्या मुलीनं तिला पाठीवर टाकलं. रंजूच्या हाताची थाप वाजली आणि हॉलभर टाळ्या पडल्या, जिंकणारीला नाही, हिला. सर नाचत होते. ते मला म्हणाले नाहीत, पण शेजारच्या क्लासच्या मास्तरांना मोठ्यांदा म्हणाले, "हे आमची पोरगी हाये!" तिच्या गळ्यात रुप्याचं पदक घातलं आणि माझ्या गळ्यात सोन्याचं. सोन्याचं पदक गळ्यात घालून रुप्याच्या पदकावर जळणारी मुलगी त्या दिवशी अख्ख्या हॉलमध्ये मी एकटीच असेन.

परतीच्या बसमध्ये आम्ही दोघी मागच्या बाकावर. ऊन कलायला लागलं होतं, घाट उतरताना बस वळणावर कलली की ती माझ्या अंगावर यायची आणि पुन्हा सावरून बसायची. मला बोलायचं होतं. नाही तर मला ते पदक टोचत राहिलं असतं. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "ताई, एक सांगू? हसशीन तं नाई?"

"सांग."

"हे आठ दिवस म्या पोटभर जेवली."

मला वाटलं ती वजनाबद्दल टोमणा मारते आहे. म्हणाले, "म्हणजे?"

"वडनेरले आली तवापासून पहिल्यांदा. मायनं घरून निघतानाच सांगतलं होतं, मावशीच्या घरी दोन भाकरी. तिसरी वाढाले आले तं पुरे म्हणजो, लोकाच्या घरी पोट दाखवू नाई. तिसरी कोणी वाढाले येतच नव्हतं म्हणा. मंग मावशी सगळ्यांले सांगे, रंजी दोन भाकरींत उठते, शहाणी हाये. आता कशी मागू?" ती खिडकीबाहेर बघत बोलत होती. "तुनं एवढ्या मनानं वाढलं न व. मले रडूच येत होतं पहिल्या दिवशी."

जे सांगायला तोंड उघडलं होतं ते मी सांगितलं नाही. माझ्या पोटात त्या वेळीसुद्धा कावळे कोकलत होते, सकाळी मी एकच भाकर खाऊन निघाले होते. आणि तेव्हा मला हिशेब लागला. आठ दिवस मी जे सोसत होते ते ती दीड वर्ष सोसत होती. ती साडेअडतीस किलोची नव्हतीच. ती भुकेनं साडेअडतीस किलोची होती. आमच्या घरात तिला पोटाला मिळालं असतं तर ती कधीच चाळीसच्या वर गेली असती, माझ्या जोडीत बसलीच नसती. दीड वर्ष एका अर्धपोटी मुलीनं मला उचलून उचलून आपटलं होतं, आणि वर विचारलं होतं, लागलं का म्हणून. मी तिचा हात हातात घेतला. तिला वाटलं मी जिंकल्याच्या आनंदात घेतला. "तू राज्याले जाशीन आता," ती म्हणाली. "मले सगळं येऊन सांगजो, रेल्वेत काय काय झालं ते." मी गेलेही. पहिल्याच कुस्तीत आठ सेकंदांत पडले, त्याबद्दल इथं लिहिण्यासारखं काही नाही.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा दिवे लागत होते. बाबांनी पिठाच्या हातानंच दोन्ही पदकं घेऊन गिऱ्हाइकांना दाखवली, मग लवकर गिरणी बंद केली. त्यामुळे जेवताना घरात आवाज नव्हता. आईनं कढी केली होती आणि गुळाचा शिरा. मी वाढायला उठले नाही. आईनं रंजूच्या ताटात दोन भाकरी टाकल्या. त्या खाऊन झाल्यावर ती हात चाटून बसली. आई बाबांना म्हणाली, "पाह्यलं का, एवढी झुंजून आली तरी कोणी आग्रह केला नाई तं दोन भाकरींत उठते. लय शहाणी पोरगी. अन हे सोन्यावाली पाह्य, चौथी मागन आता."

मला ते सहन झालं नाही. आज मी स्वतःला विचारते की काय सहन झालं नाही, तर खरं उत्तर असं की तो शब्द, शहाणी. त्या क्षणीसुद्धा तो तिला मिळाला आणि मला नाही, हे मला सहन झालं नाही. रंजूची कणव होतीच, पण तोंडातून शब्द बाहेर ढकलले ते कणवेनं नाहीत. मी ओरडले, नेहमीच्या सवयीनं, गिरणी बंद आहे हे विसरून. "भूक असते तिले, आई! दीड वर्ष झालं, ती पोटभर जेवत नाई आपल्या घरी! मावशीनं तिले मागाले मना केलं हाये!"

बाबांचा घास हातातच राहिला. आईनं मान वळवून पहिल्यांदा रंजूकडे नीट पाहिलं. रंजू लाललाल झाली. "खोटं बोलते ताई," ती म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की मी तिचा तो आवाज त्याआधी ऐकला नव्हता. "माह्यं पोट भरते मावशी. माय तसं काहीच म्हणाली नाई." आणि उष्ट्या हातानं उठून मोरीकडे गेली. मी मागून गेले तर ती तोंडावर पाणी मारत होती. "तुले भरोशानं सांगतलं होतं न व," ती म्हणाली. "आता मावशी मायले बोलन. मले घरी धाडलं तं शाळा सुटन माह्यी. काऊन सांगतलं तुनं?" नंतर पंधरा दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गोदामातही ती आता वरच्या गटाची होती, सर तिला पोरांसमोर उभी करून डाव दाखवायचे, आणि मी पोत्यांवर माझा कमरेचा डाव एकटी घोकायची.

तिला घरी कोणी धाडलं नाही. आईनं मावशीला काही कळवलंही नाही. आई त्या रात्री रडली, हे मला बाबांकडून फार वर्षांनी समजलं. दुसऱ्या दिवशी तिनं बाबांना सांगून जेवणाच्या वेळी अर्धा तास गिरणी थांबवायला लावली, गिऱ्हाइकं ओट्यावर ताटकळली तरी. भाकरी आधी भाजून टोपल्यात घेऊन ती आमच्यात येऊन बसली, रंजूच्या अगदी शेजारी. दोन झाल्या. रंजूनं सवयीनं ताटावर हात आडवा धरला. आईनं तो हात धरून बाजूला ठेवला, ताटात तिसरी भाकर टाकली, तिच्यावर तुपाची वाटी पालथी केली आणि म्हणाली, "खाय व माय. माह्या लक्षातच आलं नाई व, खाय." मग चौथी. रंजूच्या डोळ्यांतलं पाणी ताटात पडत होतं आणि ती जेवत होती. आईचा एक हात तिच्या पाठीवर होता. मला सगळं माहीत होतं. ती भाकर तिची का होती, किती दिवसांची होती, घरात दुसऱ्या कोणालाच नव्हतं इतकं मला माहीत होतं. आणि मी माझं ताट पुढं घेऊन बसले होते, माझ्या पाठीवर कोणाचा हात नव्हता, आणि मी जळत होते.